गव्हाणीत पेंढा

सोमवार. फळ्यावरचा शब्द: देवदूत.

मिस डार्लीन दर नाताळाला तेच सांगते. चर्चच्या तळघरातला बालवर्ग, पुढे सफरचंदांचं रिकामं खोकं. ही गव्हाणी. कुणाशी चांगलं वागलात की पेंढ्याची एक काडी आत टाकायची. गव्हाणी भरली की शुक्रवारी बाळ येणार.

"आमचं पण?" हॅटीनं विचारलं.

हॅटीचा भाऊ फारच लवकर जन्मला होता. तो शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत होता आणि आई त्याच्यापाशी. हॅटीला सोडायला आजी यायची.

मिस डार्लीन तेव्हा कुणाच्या तरी बुटाची अडकलेली चेन ओढत होती.

"हो हो, बाळ," ती म्हणाली.

मंगळवार. मेंढपाळ.

कापसाची मेंढरं चिकटवायची होती. हॅटीनं स्वतःचं मेंढरू केलंच नाही. तिनं दुसऱ्यांचे ठोकळे आवरले, दुसऱ्यांचा सांडलेला रस पुसला, एकाचं नाक पुसलं, त्याला नको असताना. प्रत्येक वेळी काडी.

"ही मुद्दाम चांगली वागतेय," डेक्स्टरनं तक्रार केली. "मुद्दाम चालतं का?"

"चालतं रे बाबा," मदतनीस विल्मा म्हणाली. "वर चर्चमध्ये सगळे तसंच वागतात."

हॅटीनं दप्तरातून लोकरीचे मोजे काढून दाखवले. अंगठ्याएवढे. "शुक्रवारी लागतील."

आत्ता कुठं मिस डार्लीनच्या ध्यानात आलं. ती खाली बसली. "हॅटी, शुक्रवारी येणारं बाळ म्हणजे येशूबाळ."

"येशूबाळ म्हणजे बाहुला," हॅटी समजावणीच्या सुरात म्हणाली. "तो कपाटात आहे, रंगांच्या मागं. मी बघितलाय. खरं बाळ आमचंच."

मुलं गेल्यावर मिस डार्लीननं खोक्यातून मूठभर पेंढा काढला आणि कागदी पिशवीत भरला.

"हे काय चाललंय?" विल्मानं विचारलं.

"लवकर भरायला नको."

"अगं, पेंढा काढशील. शुक्रवार कसा काढशील?"

बुधवार. तारा.

मुलं दुपारची झोपली होती, सगळ्यांच्या हातांना चमकी लागलेली. चर्चचे पाळक खाली आले ते टोपी हातात घेऊनच. बाळ पहाटे गेलं, ते म्हणाले. आईबापांचं एवढंच मागणं आहे की हॅटीला इतक्यात सांगू नका. शुक्रवारची पार्टी होऊ दे, मग ते स्वतः सांगतील.

"प्रार्थना करू या," ते म्हणाले.

"करा," विल्मा म्हणाली आणि चमकी झाडायला लागली.

उठल्यावर हॅटी खोक्यापाशी गेली. "कालच्यापेक्षा कमी आहे."

"खाली बसला असेल," मिस डार्लीन म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आणखी दोन मुठी काढल्या.

गुरुवार. आनंद.

"हा पेंढा कुठला, हॅटी?"

"आजोबांच्या गोठ्यातला."

"असा घरून आणायचा नसतो. काहीतरी चांगलं करावं लागतं."

"केलं ना. रात्री आई घरी आली आणि रडली. मी नाही रडले."

मिस डार्लीननं तिच्या केसांत अडकलेली काडी काढून तिच्या हातात दिली.

"टाकू?"

"टाक."

शुक्रवार. वाढदिवस.

निळ्या आयसिंगचा केक, त्यावर येशूचं नाव. आईबाप मंडळी बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. खोली तापली होती. हॅटीच्या आईनं तरी कोट काढला नाही. दोन्ही हात खिशात.

हॅटीनं आईकडं पाहिलं, मग आईच्या मागं. मागं कुणी नव्हतं.

सगळ्यांत जास्त काड्या हॅटीच्या, म्हणून बाहुला ठेवायचा मान तिचा. तो तिनं डेक्स्टरच्या हातात दिला. डेक्स्टरनं तो खोक्यात आडवा केला. हॅटीनं बाहुल्याच्या बाजूनं आत हात घातला. बोटांना लाकूड लागलं.

"कमी पडलं," ती म्हणाली.

"नाही गं."

"तळ लागतोय. अजून करायला पाहिजे होतं मी."

"हॅटी," आई म्हणाली.

मिस डार्लीन कपाटाकडं गेली.

"डार्लीन, नको," विल्मा हळूच म्हणाली.

पण पिशवी निघाली होती. "तुझं काही कमी पडलं नव्हतं, हॅटी. मीच काढून ठेवलं होतं. हे बघ, सगळं आहे." तिनं पिशवी उपडी केली. पेंढा खोक्याच्या वर आला, जमिनीवर सांडला, थोडा केकवरही उडाला. बाहुला त्याखाली दिसेनासा झाला.

हॅटीनं पुन्हा हात घातला, दाबून पाहिला. तळ लागला नाही.

"आता भरली," ती म्हणाली.

तिनं दप्तरातून मोजे काढले, मांडीवर सरळ केले आणि खुर्ची फिरवून दाराकडं तोंड करून बसली.

विल्मानं मेणबत्ती पेटवली. मुलांनी वाढदिवसाचं गाणं धरलं. हॅटीची आई उठली, एक बुटकी खुर्ची पायानं ओढत लेकीच्या शेजारी आणली आणि तीही दाराकडं तोंड करून बसली. हात अजून खिशातच होते.