सहभागी क्रमांक एकशे बारा

कस्तुरी मँचेस्टरच्या एका विद्यापीठात तुर्की माणसांचं प्रेम मोजत होती. म्हणजे ब्रिटनमध्ये राहणारी तुर्की जोडपी एकमेकांत किती गुंततात, दुरावा आला की काय करतात, हे मोजणारी प्रश्नावली तयार करत होती. तुर्की भाषेचं सगळं काम तिच्या सहकाऱ्याकडे, एमरेकडे. हा एमरे रोज तिच्यासोबत बसायचा, आणि रोज रात्रीच्या जेवणाला तिच्या नवऱ्याच्या, प्रणवच्या ताटात यायचा.

"एमरे म्हणतो, 'चिकटून राहणं' याला तुर्कीत चार छटा आहेत."

"असतील," प्रणव म्हणाला. "आमटी वाढ."

प्रणव आयटीतला समजूतदार माणूस होता. एका जेवणात एमरेचं नाव किती वेळा येतं, एवढंच तो मोजायचा. मंगळवारी चौदा वेळा आलं.

बुधवारी घरून काम करताना त्याने प्रश्नावलीची लिंक उघडली. हे दोघं दिवसभर काय वाचत बसतात, एवढंच त्याला बघायचं होतं. पण पहिल्या पानावर उत्तरं दिल्याशिवाय दुसरं पान उघडेना. मग फोनवर भाषांतर करत करत तो तुर्की झाला. 'जोडीदाराने फोन उचलला नाही तर मी अस्वस्थ होतो.' एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे अगदी पूर्ण. सात. 'जोडीदाराच्या मित्रांचा मला त्रास होतो.' सात. पुढे आठ असते तर त्याने आठ दिले असते. शेवटी एक रिकामी चौकट होती, आणखी काही सांगायचं असेल तर. तिथे त्याने लिहिलं, 'ती घरी येते तेव्हा तिचं निम्मं हसू ऑफिसातच संपलेलं असतं.' भाषांतर केलं, पाठवलं आणि चहा टाकला. तीन आठवड्यांनी हीच प्रश्नावली परत भरायची आहे, असा ईमेल आला. त्यात नाव नव्हतं, फक्त सहभागी क्रमांक एकशे बारा.

चार दिवसांनी कस्तुरी जेवताना मध्येच थांबली.

"आमचा एक सहभागी आहे, एकशे बारा. त्याने असं काही लिहिलंय ना! एमरेने दोनदा वाचून दाखवलं. बिचारा किती प्रेम करतो बायकोवर."

"नाटकी असेल," प्रणव म्हणाला.

"तू नको बोलूस. तुला नाही कळायचं ते."

त्या दिवसापासून एमरेचं नाव कमी झालं आणि एकशे बाराचं वाढलं. तो कुठे राहत असेल, त्याची बायको कशी असेल. भाजी चिरताना कस्तुरीचा आवाज इतका मऊ व्हायचा, की प्रणव उठून बाहेरच्या खोलीत जायचा. आपल्याशी ती असं शेवटचं कधी बोलली, ते त्याला आठवेना. एमरे परवडला. निदान तो एमरे होता.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी आली, तेव्हा प्रणवने एकशे बाराचा काटा काढला. फोन उचलला नाही? एक. मित्रांचा त्रास? एक. चौकट कोरी. आता बघू कोण हळहळतं.

शुक्रवारी कस्तुरी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती.

"काय झालं?"

"दुसऱ्या फेरीला फक्त चाळीस जण आलेत. दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ बसला पाहिजे, तरच माझं काम दोन वर्षं वाढणार. नाहीतर जूनमध्ये बंद. आणि मेळ अगदी थोडक्यात हुकतोय. एकट्या एकशे बारामुळे. सगळीकडे सातचे एक!"

"मग काढून टाक त्याला."

"आकडा आवडला नाही म्हणून माणूस काढता येतो का, प्रणव? कारण लागतं. सोमवारी आकडे द्यायचेत."

प्रणवने खिडकीबाहेर बघितलं. ट्राम गेली. दुसरीही गेली.

"तो तुर्की नाहीये."

"काय?"

"एकशे बारा. कोथरूडचा आहे."

कस्तुरी वळली. तो कोण, हे तिच्या लक्षात आलं.

"लाज नाही वाटली तुला? माझं काम आहे हे!"

"वाटते आहे."

"आणि मी वेड्यासारखी विचार करत होते, कोण ही बाई, जिला आपल्या घरातलं दिसत नाही!" तिने एमरेला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन प्रणवच्या हातात दिला. "तू सांग. तूच सांग त्याला."

प्रणवने इंग्रजीत सगळं सांगितलं. लिंकपासून चहापर्यंत. मग एमरेने अगदी सभ्यपणे विचारलं, "वगळण्यापूर्वी एक विचारू? पहिल्या वेळी सगळे सात, दुसऱ्या वेळी सगळे एक. यातलं खरं कुठलं?"

प्रणवने कस्तुरीकडे पाहिलं. तीही उत्तराची वाट बघत होती, आणि हे काही कामापुरतं दिसत नव्हतं.

"पहिलं," तो म्हणाला.

कस्तुरीने एकशे बाराची ओळ काढून टाकली. कारणाच्या रकान्यात 'अपात्र' लिहिलं, आणि लॅपटॉप बंद करून त्याच्यासमोर येऊन बसली.