एक सोडून मोजणी

विजयश्रीअक्कांनी कोरा कागद लावलेला पुठ्ठा इरप्पाच्या हातात कोंबला आणि पेन स्वतःच त्याच्या खिशाला अडकवलं.

"ह्या खेपेला चाळीस म्हंजे चाळीस, अप्पा. मागच्यावानी घोळ नगं."

सकाळचे दहा वाजले होते. संतपूरच्या शाळेच्या पटांगणात काळ्या काचांची बस उभी होती आणि पोरंपोरी एकेक करून आत जाऊन बसत होती. नगरपालिका, साखर कारखाना, कॉलेज, बँक आणि मठ, एरवी एका सतरंजीवर न बसणारी माणसं, या रिकाम्या हातांसाठी एकत्र आली होती. त्यांनी रोजगार समिती काढली, लांबच्या एका कंपनीला गळ घातली आणि अक्कांना अध्यक्ष केलं. इरप्पावर गावाचा विश्वास, म्हणून मोजणी त्याच्याकडे आली. प्रत्येकाला हात लावून मोजायचं आणि आकडा अक्कांना द्यायचा. तो कंपनीला कळवला जाई, आणि तेवढी माणसं आत गेली की तिथलं फाटक बंद होई.

इरप्पाचे वाडवडील मेंढरं राखत आले. कळप मोजताना एक सोडून द्यायचं, ही त्यांची रीत. पुरतं मोजलं की ते आपलं राहत नाही. मेंढरं विकून तीस वर्षं झाली, तरी जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दिवाळीनंतर पहिली बस गेली, तेव्हा तीस पोरं मोजताना त्याचा हात एका खांद्यावरून नकळत उचलला गेला आणि तोंडातून एकोणतीस निघालं. फाटकाबाहेर कुणीही राहू शकलं असतं. राहिला तो सुनीलकुमारच, ज्याला त्याचा हात लागला नव्हता. चौथ्या दिवशी तो घरी परत आला. पोराची हातची नोकरी गेली म्हणून सगळ्या गावानं इरप्पावर खापर फोडलं.

बाकीचे एकोणतीस वेळअमावस्येच्या सणालासुद्धा घरी आले नाहीत. पगार मात्र वेळेवर येत होता. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गावात एकदम एकोणतीस फोन वाजत आणि सगळे तेच तीन प्रश्न विचारत. जेवलात का, पाऊस झाला का, गाय कशी आहे. ज्यांच्या दारात कधी गाय नव्हती, त्यांनाही हेच विचारलं जाई. सुनीलकुमारला इरप्पानं एकदा गाठून विचारलंही होतं.

"तिथं काय हाय रं?"

"लई बरं हाय, अप्पा. मला तेवढं कुणी थांब म्हणलं न्हाई," असं म्हणून तो तुरीत शिरला होता.

म्हाळसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. इरप्पानं दोन घोट घेतले तरी ती हलेना. तिचा नागराज नुकताच बसमध्ये चढला होता.

"अप्पा, माझ्या नागराजला हात लावू नका. सवयीनं सुटला म्हणा."

"मग उतरीव की त्याला."

"कशी उतरवू? तीन वर्सं घरी बसलाय. जाऊ द्या त्याला. फकस्त मोजू नका."

ती गेली आणि जगदेवी आली. मग गीताबाई, मग बसव्वा. सुनीलकुमारच्या वेळी याच बायांनी इरप्पाला चावडीवर फाडून खाल्लं होतं. आता त्या पदराआडून कुजबुजत होत्या आणि प्रत्येकीला एकच हवं होतं. इरप्पा मान डोलवत राहिला. पण सुटणाऱ्या एका जागेवर त्यानं मनातल्या मनात आधीच नाव घातलं होतं. अंबिकाचं. आईबापामागं त्यानं वाढवलेली नात.

सगळ्यांत शेवटी विजयश्रीअक्का जवळ आल्या. नजर शाळेच्या कौलांवर ठेवून त्या म्हणाल्या, "आमचा हरिओम उजव्या खिडकीला बसलाय."

एवढंच बोलून त्या बाजूला झाल्या.

इरप्पा बसमध्ये चढला. आत गारवा होता आणि चाळीस जण असूनही आवाज कसला तो नव्हता. सगळे समोर बघत होते. अंबिका दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसली होती. तिनं त्याचा हात उचलला जाताना पाहिला आणि मनगट धरलं.

"अप्पा, तुमी मला सोडायलाव."

"न्हाई गं."

"सोडायलाव. मला ठाव हाय. चार वर्सं झाली डिग्रीला. तुमच्या भाकरी थापत बसू का जलमभर? मोजा मला."

तिच्या बोटांत जोर होता आणि डोळ्यांत पाणी. इरप्पाला वाटलं, हिला उचलून खाली न्यावं, लहानपणी जत्रेतून न्यायचा तशी. मग त्यानं तिच्या डोक्यावर पंजा ठेवला.

"एक," तो मोठ्यानं म्हणाला.

पुढं त्यानं डोळे गच्च मिटले. कुणाला सोडलं ते आपल्याला कळूच नये, अशा बेतानं तो चाचपडत एकेका खांद्याला हात लावत गेला. मागच्या टोकाला पोचल्यावर वळला आणि खाली मान घालून उतरला.

"किती?" अक्कांनी विचारलं.

"एकोणचाळीस."

चाळीस चढल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. अक्कांनी एकोणचाळीस लिहिलं, सही केली, आणि बस औरादच्या रस्त्याला लागली.

त्या संध्याकाळी संतपुरात एकोणचाळीस घरांत दिवा लावताना बाया मनाशी म्हणाल्या, सुटलं ते आपलंच लेकरू. इरप्पाच्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती.