शिरगावातलं नवं हॉटेल

केतन पालघरच्या एका साप्ताहिकात खाण्यापिण्यावर लिहायचा. बोईसरच्या मिसळीपासून वाणगावच्या भज्यांपर्यंत त्याची सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. शिरगावात कुणाच्या वाडीत नवं हॉटेल निघालंय असं कानावर आलं, तसा तो ओळख न देता तिकडे गेला आणि मांडव दिसला त्या वाडीत शिरला.

तिथे वाडीवाल्या रामनाथच्या मुलीचा, मेघालीचा साखरपुडा होता. मुलीकडच्यांना वाटलं, हा एडवणहून आलेला मुलाचा काका. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचा मामा. केतन पंगतीत बसला, वालाचं बिरडं चाखलं आणि गार आहे म्हणून परत पाठवलं. मुलाचा काका रुसला, अशी बातमी चुलीपर्यंत गेली. रामनाथची बायको, जिला सगळा गाव माई म्हणतो, स्वतः वाफाळतं बिरडं घेऊन आली. पाठोपाठ मेघाली येऊन पाया पडली.

हात धुऊन केतनने बिल मागितलं.

"आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाला," रामनाथ हात जोडून म्हणाला, आणि त्याने केतनच्या डोक्यावर टोपी घालून हातात नारळ दिला.

पुढच्या अंकात केतनने हॉटेलचा पत्ता देऊन लिहिलं, की बिरडं झकास आहे, पैसे घेत नाहीत, पण वाढणाऱ्या मुली गिऱ्हाइकाच्या पाया पडतात हे जरा अती वाटतं.

रविवारी बोईसरच्या गाड्या रामनाथच्या फाटकाशी लागल्या. माईने साप्ताहिकात फोन करून केतनला बोलावून घेतलं. मांडव कसला होता ते त्याला तेव्हा कळलं. तो माफी मागू लागला, पण माईला तेवढा वेळ नव्हता.

"मानसं दारात बसलीत," ती म्हणाली. "नारळ कोन खवनार, तुमी का मी?"

केतन खवणीवर बसला. आलेल्यांना दारातून उपाशी पाठवायचं माईच्या जिवावर आलं होतं.

जेवून उठताना तारापूरच्या एका बाईंनी सगळ्याची तारीफ केली, फक्त खोबरं फार जाडंभरडं खवलंय म्हणाल्या. केतनला ते भलतंच लागलं. नारळच खराब होता, असं तो त्यांना पटवू लागला.

"नारळाला काय बोलायचं नाय," माई आतून म्हणाली. "झाड आमच्या वाडीतलं हाय."

केतनने नारळाची दुसरी कवड उचलली आणि जपून खवायला घेतली.