भिंतीआडचा धवळा

संगीत माणसाला सगळ्या बंधनांतून मोकळं करतं. अक्षदाच्या पीएचडीच्या प्रबंधाचं हे पहिलं वाक्य. ते तिनं शेणवे गावच्या घरी मागच्या पडवीत बसून टाइप केलं, तेव्हा शेजारी हौसाआत्या लसूण सोलत होती. पुढच्या अंगणात अक्षदाच्या भावाच्या, प्रज्वलच्या लग्नाचा मांडव उभा राहत होता. आत्यासारख्या नवरा वारलेल्या बाईनं तिकडं फिरकायचं नसतं, एवढं सोडलं तर वाक्यात चूक काही नव्हती.

प्रबंधाचा विषय हळदीचा धवळा. नवरदेवाला हळद लागताना एका बाईनं म्हणायचं हे लांबलचक गाणं. ते संपेस्तोवर हळद पुरी होत नाही. प्रबंधातला धवळा सगळा आत्याकडून घेतलेला, ह्याच पडवीत, म्हशीच्या ओरडण्यासकट फोनवर रेकॉर्ड केलेला. गाइडसरांना तो आवडला होता. "पण प्रत्यक्ष विधीतलं गायन हवं," ते म्हणाले, "नाहीतर शेवटचं प्रकरण उभं राहत नाही." म्हणून अक्षदा प्रज्वलच्या हळदीवर डोळा ठेवून बसली होती.

ऐन हळदीला निरोप आला. धवळा म्हणणारी रुपा मुरबाडला दुसऱ्याच हळदीत अडकली.

"आता गो बाय?" धोंडूकाकीनं कपाळाला हात लावला. "हौसाबायला येतो, पन तिला मांडवात कशी बसवायची?"

तोड अक्षदानं काढली. डीजेवाल्याची वायर खिडकीतून आत घ्यायची. आत्या खोलीत, आवाज मांडवात.

काकीनं जरा विचार केला. "आवाजाला काय कुकू लागतंय? चालंल."

अक्षदाचे वडील देवराम, म्हणजे हौसाचे सख्खे भाऊ, लेकीकडे कौतुकानं बघत म्हणाले, "शिकल्याचा असा उपेग होतो." गावात सुधारणा आली असं सगळ्यांनाच वाटलं. अक्षदानं तर प्रकरणाचं नावही ठरवून टाकलं: 'परंपरेची लवचिकता'.

आत्यानं माइक धरला आणि मांडवातली बडबड आपोआप बसली. धवळ्यात नात्यातल्या बायकांना एकेक करून हळद लावायला बोलावतात. आईला बोलावलं, आई उठली. काकीला बोलावलं, काकी उठली. मग आत्याची ओळ आली, आणि गाणं थांबलं.

"आता कुनाला बोलवू?" स्पीकरमधून आवाज आला. "आत्या तर मीच. बाहेर येऊ का?"

सगळ्या मांडवानं ऐकलं. देवराम टोपी काढून तिच्या आत बघू लागले.

काकी खिडकीशी धावली. "हौसाबाय, आता नको गो असं. तेवढी वळ सोड नि फुडं चल."

"वळ सोडनार नाय. मी येऊ का नको, तेवढं सांगा. भावानं सांगावं, नायतर भाचीनं."

देवरामांनी टोपी झटकून परत डोक्यावर घातली. खट् आवाज झाला. आत्यानं माइक बंद केला होता.

"ताई, बोलव ना आत्याला," अर्धा पिवळा झालेला प्रज्वल पाटावरून म्हणाला.

"तू गप रे! नवरदेवानं बोलू नये," काकी फणकारली आणि अक्षदाकडे वळली. "अक्षे, तुज्या फोनात हाय ना धवळा सगळा?"

'आत्या, ये.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अक्षदाच्या जिभेवर आले होते. मग तिला मांडवभर डोळे दिसले, शेवटचं प्रकरण दिसलं, आणि तिनं फोन स्पीकरला जोडला.

रेकॉर्डिंगमधली आत्या कुठंच अडली नाही. ती ओळ आली तशी लांबच्या नात्यातली, नवरा असलेली एक आत्या पुढं झाली आणि हळद लावून गेली. मध्ये म्हैस ओरडली, लोक हसले.

हळद उरकल्यावर अक्षदा वायर गुंडाळायला खोलीत गेली. आत्यानं माइक पदरानं पुसून तिच्या हातात दिला.

"माजाच गळा माज्या तोंडावर दाबलास गो," ती म्हणाली. रागानं नाही, लसूण संपला म्हणावं तसं.

अक्षदाला वर बघवलं नाही. वायर गुंडाळून झाली तरी ती गुंडाळतच राहिली.

प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी शेवटच्या प्रकरणाचं खास कौतुक केलं. रेकॉर्डिंग धोंडूकाकीनं नातेवाइकांना पाठवलं, त्यांनी पुढं पाठवलं, आणि त्या लग्नसराईत खर्डीपासून डोळखांबपर्यंत कितीतरी हळदी त्याच्यावर लागल्या. हौसाला त्यांतल्या एकाही हळदीचं बोलावणं नव्हतं.