मोटरवरचा खण

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या अक्षयच्या छोट्या कारखान्यात खंडेनवमीची पूजा सकाळीच झाली होती. त्याच्या आईने, विठाकाकूंनी, टेबलावरच्या मोटरला लाल खण पांघरला, वर झेंडूची माळ घातली. आरती दुपारी. तोवर पूजेला हात लावायचा नाही.

मोटर उल्हासनगरच्या परसराम शेठची, त्यांच्या कापड गुंडाळायच्या मशीनवरची. अक्षयने बनवलेला ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तिचा वेग सारखा राखतो का, हे बघायला शेठ खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी पसंत केला, की आणखी वीस ड्राइव्ह त्यांच्याकडे जाणार होते.

मोटर सकाळपासून चालू होती आणि वेग जराही कमीजास्त होत नव्हता. पण अक्षयकडे कामाला असलेली संजीवनी स्क्रीनवरचा दुसराच आकडा बघत होती. मोटर तापली की आतल्या तारांचा रोध वाढतो. ड्राइव्ह तो चालता चालता ओळखतो आणि तरीही वेग सांभाळतो. सकाळी १.८ ओहम होता, आता २.४. मोटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीला खण ओढून चिकटला होता. हवा आत जातच नव्हती.

"सर, रोध वाढतोय," ती अक्षयला हळूच म्हणाली.

"वेग पडला का?"

"नाही."

"मग टेन्शन कसलं घेतेस?"

"पडत नाही, म्हणून तर कळत नाही कोणाला. मोटर जळेल."

"आत्ता बंद केली तर शेठ म्हणतील फेल. थांब जरा."

संजीवनी काकूंकडे गेली. "काकू, खण जरा वर करू?"

"आरतीआधी? तू नऊ दिवस उपास धरणारी, आणि तूच विचारतेस?"

संजीवनी परत स्क्रीनकडे गेली. घरी देवघरातली माळसुद्धा ती अवेळी हलवत नसे. आकडा २.५. तारांवरच्या वार्निशचा वास सुटला होता. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि खण ओढून काढला. माळ खाली पडली.

"अगं बाई!" काकू उठल्याच.

"क्या हुआ? बिघडली काय?" शेठ पुढे झाले.

अक्षयने मान हलवून तिला गप्प राहायला खुणावलं.

"मोटर तापली होती, शेठ. हवा कोंडली होती." तिचा आवाज पहिल्यांदाच मोटरच्या वर गेला.

शेठनी मोटरच्या अंगाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे, ये तो तवा है! और स्पीड?"

"तेवढीच आहे," अक्षय म्हणाला.

"मग मेरे को कळलं कसं असतं?"

"नसतं कळलं," संजीवनी म्हणाली.

अक्षयचा चेहरा उतरला. शेठ स्क्रीनजवळ जाऊन आकडा बघू लागले. आकडा २.५ वरच होता. खाली येईना.

"हा नंबर बाहेर दिसला पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "नंबर चढला की पेटेल अशी लाल बत्ती लाव. फिर बात करेंगे. चालू ठेव, बघतो मी."

काकूंनी खण उचलला. मधोमध तपकिरी डाग पडला होता. "टेबलाच्या पायाला बांध, आरती तिथेच करू," त्या संजीवनीकडे न बघता म्हणाल्या, "आणि आधी हात धुऊन ये."

आकडा २.४ झाला. संजीवनी तशीच उभी राहिली, तो आणखी उतरेपर्यंत.