यादीत नसलेलं तळघर

बोदिलच्या तळघरात टेबलं मोजून बारा. साडेअकराला दार उघडतं, चारला बंद होतं, आणि रात्री जेवायचं असेल तर कोपनहेगनमध्ये दुसरी शंभर दारं आहेत, असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. तिच्याकडे मिळतो काळा पाव, त्यावर लोणी, त्यावर मासा नाहीतर मांस. पहिला मान हेरिंग माशाचा. तो संपला की ताटली बदलायची, मगच पुढचं. लोणी असं थापायचं की चावल्यावर त्यात दातांचे ठसे दिसले पाहिजेत. बावीस वर्षं तिने यात तसूभर फरक केला नव्हता आणि याचा तिला अभिमान होता. बोलून मात्र ती दाखवत नसे, कारण स्वतःच्या तोंडाने स्वतःची आरती ओवाळणाऱ्याला तिच्या देशात कोणी दारात उभं करत नाही.

त्या शुक्रवारी भर गर्दीत म्हातारा वेटर मोगेन्स आत आला.

"बाई, खिडकीच्या टेबलावर दोन म्हातारे बसलेत. बोली पश्चिम किनाऱ्याची. त्यातल्या एकाचं नाक थेट तुमचं आहे."

बोदिलची सुरी हातातच राहिली. लाउरिट्स, तिचा बाप. एक्क्याऐंशी वर्षांचा, थीबोरॉन बंदरावर जन्मभर हेरिंग धरलेला. एकोणिसाव्या वर्षी ती हे काम शिकायला निघाली, तेव्हा तो म्हणाला होता, "पावाला लोणी फासायला शिकणार? त्याला राजधानी कशाला लागते?" दर नाताळाला ती घरी जायची. तो मात्र आजवर इथली एक पायरी उतरला नव्हता. आता मित्राच्या, क्रेस्टनच्या, नातीच्या लग्नाला येऊन त्याला तीन दिवस झाले होते. त्याने निरोप धाडला नाही आणि हिनेही बोलावलं नाही. हट्टाच्या बाबतीत बापलेक एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे.

क्रेस्टनकाका मात्र रोज फोन करायचा. राजधानीत आल्यावर कुठे कुठे जेवावं याची वर्तमानपत्रातली यादी त्याने कापून आणली होती आणि बापाला घेऊन तो एकेक ठिकाण पालथं घालत होता. बोदिलचं नाव त्या यादीत नव्हतं. ते तिला लागलं होतं, पण बाप तीन दिवस तिथेच जेवतोय हे त्याहून जास्त लागलं होतं.

"काय हवंय म्हणाले?"

"हेरिंग. दुसरं काय?"

तिने स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून पाहिलं. क्रेस्टन यादी नाचवत होता. "काल त्या पहिल्या नंबरवाल्याने दगडावर शेवाळ वाढलं आणि तू चकार शब्द काढला नाहीस. इथे तरी तोंड उघड."

"खायला उघडीन," लाउरिट्स म्हणाला.

बोदिल पाव कापायच्या फळीकडे वळली. जन्मभर हेरिंग धरलेल्या माणसाला हेरिंग वाढायचा होता. हा बरा म्हणाला तर बावीस वर्षांचं सोनं, नाहीतर खरंच नुसतं लोणी फासलं म्हणायचं. तिने माशावर अंड्याचा पिवळा बलक ठेवला, शेपूची नाजूक पानं लावली, फुलंसुद्धा ठेवली. यादीतल्या ठिकाणांसारखी दिसू लागली ताटली. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने ते सगळं बाजूला सारलं, नवा पाव कापला, लोणी थापलं, दोन रात्री भिजवून खारटपणा उतरवलेला मासा ठेवला, वर कांदा, आणि ताटली मोगेन्सच्या हातात दिली.

लाउरिट्सने एक घास घेतला. मग हातातला तुकडा डोळ्यांजवळ नेऊन दातांचे ठसे बघितले. मग खाली मान घालून सगळं संपवलं. मोगेन्स रीतीप्रमाणे ताटली उचलायला गेला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "मी अजून पुढे गेलेलो नाही. हेच परत आण."

शेजारच्या टेबलावर नॉर्वेचं एक जोडपं बसलं होतं. त्यातल्या बाईच्या हातातही तीच यादी. ती नवऱ्याला म्हणत होती, "इथे नको, हे यात नाही."

अनोळखी माणसाशी लाउरिट्स बंदरावरही बोलत नसे. तो खुर्चीसकट वळला.

"बाई, मी साठ वर्षं हा मासा धरला. त्या कागदातल्या पाच ठिकाणी जेवून आलो. पेन्सिल आहे? मग सगळ्यात वर लिहा. हे माझ्या मुलीने केलंय."

आवाज समुद्रावरचा, त्यामुळे बाराही टेबलांनी ऐकलं. क्रेस्टन कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, चारचौघांत फुशारकी?"

"हो," लाउरिट्स म्हणाला. "जन्मात एकदा."

एप्रनला हात पुसत बोदिल दुसरी ताटली घेऊन बाहेर आली.

"आणखी काही हवंय, बाबा?"

त्याने पायाने खुर्ची सरकवली. "बस. लोणी फासणारीला पण भूक लागते."

भर दुपारी, स्वतःच्याच तळघरात ती पहिल्यांदा बसली. मोगेन्सने न सांगता शहाजिऱ्याच्या दारूच्या तीन पेल्या आणल्या. पेली उचलली की समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, आणि प्यायल्यावर खाली ठेवण्याआधी पुन्हा एकदा, ही तिथली रीत. घरी नाताळाला लाउरिट्स दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघायचा.

आज त्याने दोन्ही वेळा तिच्याकडे पाहिलं.