वर्षाची सिस्टिम

दवाखान्याचा सर्व्हर कुठल्या सिस्टिमवर चालवायचा, असं टोकावड्याच्या डॉक्टर नितीन विशेंनी वर्षाला विचारलं, तेव्हा औषधांच्या खिडकीतल्या रुपालीताईंच्या हातातली गोळ्यांची पट्टी हातातच राहिली. नवलच होतं ते. वर्षा वैशाखऱ्याजवळच्या टोकाच्या वाडीतली. तिची आई, हौशी, पावसाळ्यात भातलावणीला दुसऱ्यांच्या शेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर. पोरगी मुरबाडला आयटीआयमध्ये कम्प्युटर शिकून आली आणि दोन वर्षं दवाखान्यात केसपेपर टाइप करत होती. केसपेपर टाइप करणारीला स्वतःचं मत असतं, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याही नाही.

दवाखान्यात तीन कम्प्युटर होते. एक नोंदणीला, एक डॉक्टरांच्या टेबलावर, एक औषधांच्या खिडकीत, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. नोंदणीत लिहिलेली ॲलर्जी खिडकीपर्यंत पोचत नसे. पावसाळ्यात एका बाईला न चालणारी गोळी खिडकीतून जाता जाता राहिली. त्याच दिवशी डॉक्टरांनी ठरवलं की मध्ये एक सर्व्हर ठेवायचा आणि सगळ्या नोंदी तिथेच. पण सर्व्हर नुसता आणून भागत नाही. त्याच्या आत बसून सगळं चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि ती एकदा निवडली की दवाखाना तिच्याशी बांधला जातो.

कल्याणचा अमोल हा कम्प्युटर पुरवणारा. त्याचं म्हणणं, लायसनवाली सिस्टिम घ्या, तिच्यावर आमच्या कंपनीचा प्रोग्राम घ्या, आणि काही झालं तर एक फोन करा. वर्षा म्हणाली, लिनक्स. फुकट मिळते म्हणून नव्हे, हे तिने आधीच सांगून टाकलं. जुन्या मशीनवर चालते, अपडेट आपण म्हणू तेव्हाच घेते, नेट गेलं तरी तिचं अडत नाही, आणि आत काय चाललंय ते आपल्याला उघडून बघता येतं. हे शेवटचं तिला सगळ्यात आवडायचं. अमोल हसला. माणूस वाईट नव्हता, पण हसला. मग वर्षाकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, "सर, उद्या लग्न होऊन ही गेली, की या सिस्टिमचं कुणाला विचारणार?"

वर्षाची कानशिलं तापली. प्रश्न झोंबला, कारण तो अगदीच खोटा नव्हता. डॉक्टरांनी आठ दिवसांची मुदत दिली. एका मशीनवर अमोलची सिस्टिम, दुसऱ्यावर वर्षाची, दोन्ही मशीनं शेजारी ठेवायची, नोंदी दोन्हींवर करायच्या, शनिवारी निकाल. वर्षाची सिस्टिम टिकली तर सर्व्हर तिच्या ताब्यात. नाही टिकली तर अमोलचा माणूस येऊन बसेल आणि वर्षा पुन्हा केसपेपरला.

त्या आठवड्यात तिने प्रत्येक नोंद दोनदा टाइप केली आणि एक शंभर पानी वही लिहून काढली. पडद्यावर असं आलं तर हे टाइप करायचं, तसं आलं तर ते. सगळं सरळ मराठीत. हौशीला वाटलं, पोर पुन्हा परीक्षेला बसली.

आता देवजीचं सांगायला हवं. देवजी दवाखान्याची झाडलोट करायचा. रोज संध्याकाळी केर काढायचा, फोटोपुढे उदबत्ती लावायचा, मग मेन स्विच खाली ओढून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. शेजारचं किराणा दुकान शॉर्टसर्किटने जळालं तेव्हापासूनचा हा नेम, आणि आजवर एक दिवस चुकला नव्हता. त्या आठवड्यात मात्र तो शेणव्याला लेकीकडे गेला होता. शुक्रवारी तो परतणार म्हणून वर्षाने स्विचवर कागद चिकटवला. 'मेन स्विच बंद करू नये.' अक्षरं बोटभर उंच. कागद लावून ती निश्चिंत मनाने घरी गेली.

शनिवारी सकाळी दोन्ही मशीनं थंड. मेन स्विच खाली, आणि वीज गेल्यावर मशीन तगवणाऱ्या बॅटरीचा डबा ओरडायला लागला म्हणून देवजीने त्याचंही बटण दाबून टाकलेलं. ओसरीवर तोवर चाळीसेक पेशंट जमले होते. निकालासाठी अमोल नेमका वेळेवर हजर झाला होता.

वर्षाने स्विच वर केला. अमोलचं मशीन सुरू झालं, पण त्याच्या कंपनीचा प्रोग्राम कुलूप लावून बसला. किल्ली कंपनीकडून नेटवरून यायची आणि टॉवर पहाटेपासून मेलेला. अमोल रेंज शोधत रस्त्याने बराच लांब गेला, तिथून फोन करून परत आला. त्याच्या ऑफिसने माणूस मंगळवारी पाठवतो म्हणून कळवलं होतं.

वर्षाचं मशीन तर चालूच होईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि पुढे काही नाही. रुपालीताई हळूच म्हणाल्या, म्हणजे दोन्ही गेल्या. क्षणभर वर्षाला वाटलं, उठावं आणि सरळ वैशाखऱ्याची एसटी धरावी. पण पडद्यावरची अक्षरं तिने वाचली, आणि ती तिला कळली. डिस्कवर लिहिता लिहिता वीज तुटली होती. सिस्टिम डिस्क तपासायला सांगत होती. तिने वही उघडली, पान काढलं आणि टाइप करायला लागली. अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या. दारात गर्दी झाली. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या धोंडीबाईंनी विचारलं, "तिलाबी ताप आलाय काय गो?"

"आलाय. उतरंल आता," वर्षा म्हणाली.

बारा मिनिटं गेली. मग मशीन उठलं, आणि पाठोपाठ तिन्ही कम्प्युटरांवर नोंदी दिसू लागल्या. वर्षाने त्या कागदांशी पडताळून पाहिल्या. शुक्रवारची शेवटची एक नोंद गेली होती. ती तिने डॉक्टरांना आपणहून सांगितली आणि केसपेपर बघून पुन्हा भरली.

स्विच कुणी बंद केला, असं डॉक्टरांनी विचारलं. देवजी पुढे येऊन म्हणाला, मी, रोजच्यासारखा. डॉक्टरांचा आवाज चढायला लागला तशी वर्षा मध्ये पडली.

"त्यांची चूक नाय, सर. कागद मी लावला. देवजीकाकांना वाचता येत नाय, ते मला माहीत होतं. माझ्या आईलाबी येत नाय. तरी मी कागदच लावला."

देवजी म्हणाला, "मंग तोंडानं सांगायचं ना गो. मी काय नाय म्हनलो असतो?"

अमोलला राहवलं नाही. हिचीही पडलीच की, असं तो बोलून गेला. वर्षाने मान हलवली. पडली, ती म्हणाली, पण उठवायला मंगळवार उजाडावा लागला नाही. या खेपेला अमोल हसला नाही.

डॉक्टरांनी वही उचलून रुपालीताईंपुढे धरली आणि मघाचं पान वाचायला सांगितलं. रुपालीताईंनी चष्मा चढवून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटलं. "हे तं मलाबी जमंल," त्या म्हणाल्या. वर्षाचं लग्न झालं तर काय, हा प्रश्न तिथे मिटला. डॉक्टरांनी अमोलला चहा पाजला, आभार मानले आणि सर्व्हरसाठी घेतलेल्या नव्या मशीनवर लिनक्स टाकायला सांगितलं. अमोलला नव्हे, वर्षाला.

दुपारी ओपीडी आटोपल्यावर ती नव्या मशीनसमोर बसली. डॉक्टर शेजारी खुर्ची ओढून बसले. भाषा झाली, वेळ झाली, डिस्क झाली. मग मुख्य पासवर्ड आला. त्याच्यापुढे सर्व्हरमध्ये काहीच बंद राहत नाही. पाच गावांची दुखणी, कुणाला सांगता न येणारे आजार, सगळं उघडतं. वर्षा खुर्ची मागे सरकवून उठली. म्हणाली, हा तुम्ही टाका, सर.

"तूच टाक," डॉक्टर म्हणाले. "एका कागदावर लिही, पाकिटात घालून चिकटव आणि माझ्या कपाटात ठेव. नडलं तरच फोडीन."

आणि त्यांनी खुर्ची फिरवली, ती थेट भिंतीकडे तोंड करून.

वर्षा बघतच राहिली. लहानपणी ती आईबरोबर गावातल्या शेतमालकाच्या घरी भात पाखडायला जायची. मालकीण आतलं कपाट उघडायला लागली की हौशी पोरीचा हात धरून आपणच अंगणात जाऊन उभी राहायची. कुणी सांगायचीही गरज नसे. आणि इथे दवाखान्याचा मालक, शिकलेला डॉक्टर, तिच्यासाठी पाठ फिरवून बसला होता. तिची छाती भरून आली. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो लपवावा असं तिला मुळीच वाटलं नाही. ती ताठ बसली आणि एकेक अक्षर जपून टाइप केलं.

"झालं?" डॉक्टरांनी भिंतीलाच विचारलं.

"नाय, सर. सिस्टिम अजून एकदा टाकायला सांगते."

"टाक सावकाश," डॉक्टर म्हणाले, आणि भिंतीकडे बघत बसून राहिले.